विमानाचे त्रैराशिक

‘मुंबईहून विमानाने किती वेळ लागतो हो?’ असे आता अमरावती-अकोल्याची मंडळीही विचारू लागली आहेत. तर वाचकहो, पाटी-पेन्सिल घ्या.

आगगाडीने मुंबई ते बडनेरा ६६३ किलोमीटर. विमानाला ना कसाऱ्याचा घाट, ना भुसावळचा वळसा! अमरावतीचे बेलोरा विमानतळ मुंबईच्या पूर्वेस ४.८५ अंश, उत्तरेस १.७२ अंश. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा. रेखांशाचा आपल्याकडे १०४ चाच, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणजे पूर्वेस ५०५, उत्तरेस १९०. दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: सुमारे ५४०. (मुलांना सुटीत हे जरूर करायला लावावे.)

१६ एप्रिल २०२५ रोजी येथे पंख्याचे, सत्तरेक आसनांचे विमान सुरू झाले. वेग ताशी सुमारे ५००. त्रैराशिकाने ६५ मिनिटे. वेळापत्रकात मात्र १०५! विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. मुंबईची रांग, चढतानाचा मंद वेग, उतरण्यापूर्वीचे वळण, सारे त्यात आले.

अकोलेकरांचे काय? शिवणीची धावपट्टी १४०० मीटर, या विमानाला आखूड; बेलोऱ्याची १८५०. बेलोऱ्यापर्यंत मोटारीने दीड तास, तासभर आधी हजेरी, मग उड्डाण, पुढे मुंबईतला तास. सव्वापाच तास झाले! दादरला कुणी अत्यवस्थ असेल आणि विमान त्या दिवशी असेल, तर अवश्य जावे. लग्नाला मात्र रात्रीची गाडी बरी. दशम्या तरी निवांत खाता येतात.