बैलाचे खांदे मळतो, माणसाच्या पाठीचे काय?



बेंदराच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकतो, हळद-तूप लावून मळतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला आराम पडावा, एवढाच त्यामागचा हेतू. राबलेल्या अंगाला ऊब, तेल आणि विसावा लागतो, हे आपल्या वाडवडिलांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. मग आमचा प्रश्न असा की, ज्याच्या पाठीवर आपला सारा गाळप हंगाम उभा आहे, त्या ऊसतोड मजुराची खांदेमळणी कोणी करायची?

कामानिमित्त आम्ही रोज फडावर असतो. कंबरेत वाकून ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे. हे एकदा नव्हे, दिवसभर. आणि एक दिवस नव्हे, पाच-सहा महिने. गेल्या हंगामात एक गडी बांधावर बसलेला दिसला. "काय पाव्हणं, बसलात का?" असे विचारले तर म्हणाला, "कंबर धरलीय साहेब. गोळी घेतलीय, उतार पडला की उठतो." खिशात दुखण्यावरच्या गोळ्यांची अख्खी पट्टी होती. एक दिवस पडून राहा म्हटले, तर म्हणाला, "मग खाडा कोण भरणार?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाची पाठ बसली की दोघांची मजुरी बुडते आणि उचल तशीच डोक्यावर राहते. म्हणून गोळी.

या गोळ्या रोज, त्यातही उपाशीपोटी खाल्ल्या तर जठराला व्रण पडतात. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन घेतल्या तर मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. दुखणे दबते, पण थकलेला स्नायू थकलेलाच राहतो.

याउलट कोल्हापूरच्या तालमीत बघा. पैलवान जोर-बैठका मारतो, मातीत लढतो आणि मग मालिश करून घेतो. मेहनत, खुराक, मालिश आणि झोप, यातले एक जरी चुकले तरी वस्ताद रागावतो. अंग रगडून घेणे ही तिथे चैन नव्हे, मेहनतीचाच भाग आहे.

शास्त्रही आता याच बाजूने बोलते. सवय नसलेले जड काम केले की स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग जास्त ठणकते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात टोळी कण्हते ती यामुळेच. सन 2012 मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 11 तरुणांना सायकलवर दमवून त्यांच्या एकाच पायाला 10 मिनिटे मालिश केली. त्या पायाच्या स्नायूत दाह वाढवणारी द्रव्ये दुसऱ्या पायापेक्षा कमी आढळली. मालिशने ताकद एकदम वाढत नाही, मोडलेलेही जुळत नाही. पण ठणका कमी होतो, आखडलेले अंग मोकळे होते आणि झोप लागते. दहा मिनिटांच्या कामाला एवढे पुष्कळ झाले.

पद्धत सोपी आहे. आधी गरम पाण्याने अंघोळ किंवा शेक. मग घरात असेल ते कोमट तेल. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांदे, मांड्या, पोटऱ्या तळहाताने हलके चोळत जावे आणि मग हळूहळू दाब वाढवावा. कण्याच्या हाडावर जोर देऊ नये. पाठीवर पोराला उभे करून तुडवून घेण्याची आपली जुनी खोड तर सोडलेलीच बरी. ताजा मार, सूज, जखम किंवा ताप असेल तर मालिश नको. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, कळ पायात उतरून मुंग्या येत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तेलाची बाटली ठेवून सरळ दवाखाना गाठावा.

आणि बाईमाणसाचे काय? ती दिवसभर मोळ्या वाहते, कोपीवर येऊन भाकरी थापते, नवऱ्याची पाठही चोळून देते. तिच्या पाठीला हात कोण लावतो? गडीमाणसांनी याचा विचार करावा.

काही सभासद म्हणतील, "आम्ही तोडणीच्या पाळीसाठी हेलपाटे मारतो, ऊस वाळतोय, आणि हे विसाव्याच्या गोष्टी सांगतात!" त्यांना ऊस विकासाच्याच भाषेत उत्तर देतो. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. पाठ मोडलेला माणूस जमिनीपर्यंत वाकत नाही. तो चार बोटे, वीतभर वरून कोयता मारतो. ती वीत तुमच्या वजनातून जाते, कारखान्याच्या उताऱ्यातून जाते, आणि उंच राहिलेल्या बुडख्यांमुळे खोडव्याचा फुटवाही चांगला येत नाही. मजुराच्या कंबरेची कळ शेवटी तुमच्याच बिलात उतरते.

म्हणून आमचे तीन गोष्टींसाठी सांगणे आहे. ज्याच्या फडात टोळी उतरली त्या सभासदाने पाण्याची आणि जळणाची सोय करून द्यावी. रोज संध्याकाळी एक हंडा गरम पाणी कोणालाही जड नाही. मोळी बेताची बांधू द्यावी. आणि आठवड्यातून अर्धा दिवस बिनखाड्याचा विसावा मिळावा, यासाठी संचालक मंडळाने मुकादमांना बोलावून तोडणीच्या कार्यक्रमातच तशी तजवीज करावी. यंत्रालासुद्धा आपण वंगण घालतो आणि हंगाम संपला की उघडून साफ करतो. माणसासाठी अर्धा दिवस निघत नसेल, तर सहकार हा शब्द आपण नुसता पाटीवरच लिहिला आहे, असे आम्हांस वाटते.

येत्या हंगामात फडावर भेटूच. तेव्हा ऊस किती तुटला हे तर आम्ही विचारूच, पण गरम पाण्याचा हंडा चुलीवर आहे का, तेही बघू.