नाट्यगृहाच्या जागी ‘बहुउद्देशीय हॉल’ चालणार नाही!

अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या रसिकांनो आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनो,

जून २०२२ मध्ये अलिबागचं पीएनपी नाट्यगृह आगीत गेलं. २०२३ च्या नोव्हेंबरात परळचं दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं. ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आपण सगळेच हळहळलो. ते पुन्हा सांगत बसत नाही. संताप येतो तो नाट्यगृह गेलं की हमखास ऐकू येणाऱ्या उत्तराचा: काळजी नको, नव्या इमारतीत बहुउद्देशीय हॉल देऊ!

हा हॉल आपण पाहिलेला आहे. सपाट फरशी, प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकाला हातभर उंच चौथरा. मागच्या रांगांना नटाचं फक्त डोकं दिसतं. विंग नाही, म्हणून एन्ट्री घेणारा नट जिन्यात ताटकळतो. रंगपट नाही, म्हणून गवळणीचं काम करणारी पोरं भांड्यांच्या खोलीत साडी नेसतात. सेटचा टेम्पो दारात येतो, पण दार वऱ्हाडाच्या मापाचं. सेटचा फ्लॅट आत शिरत नाही. मग अर्धा सेट टेम्पोतच ठेवून पडदा वर जातो. याला नाट्यगृह म्हणायचं आणि उद्घाटनाला आपण टाळ्या वाजवायच्या?

म्हणे, नाटकाला प्रेक्षक उरलाय कुठे! दामोदर १९२२ मध्ये गिरणगावात कामगारांसाठी उभं राहिलं आणि १०१ वर्षं चाललं. कोकणातून गिरण्यांत राबायला गेलेल्यांची नमनं आणि शक्ती-तुरे तिथे रंगले. तिकिटं मंडळाची पोरं चाळीचाळीत फिरून खपवायची. हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या गर्दीत एकदा तरी उभं राहायला हवं होतं.

दुसरी कुरकुर तोट्याची. लग्नाला भाडं जास्त मिळतं, हे खरं आहे. मग लग्नाचा हॉल बांधा आणि पाटीही तीच लावा. पण नाट्यगृहाच्या जमिनीवर मजले चढवायचे, गाळे विकायचे आणि नफ्या-तोट्याचा जाब मात्र एकट्या रंगमंचाला विचारायचा, ही लबाडी आहे. बागेला, वाचनालयाला, रस्त्यावरच्या दिव्याला कुणी नफा विचारत नाही.

गेलेलं नाट्यगृह आपोआप परत येत नाही. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी ग्रँट रोडला खेळ केले. पुढे तिथल्याच पिला हाऊसच्या आसपास थिएटरांची रांगच उभी राहिली. मग सिनेमा आला, आणि नाटक तिथून उठलं ते उठलंच.

कोल्हापूरकरांनी नाट्यगृह होतं तसंच उभारण्याची मागणी लावून धरली. आपणही तेच करायचं. नकाशा मंजूर होण्याआधी तो चौकात लावायला सांगा. खुर्च्या पूर्वीपेक्षा एकही कमी नको. रंगमंचाची खोली, विंगा, रंगपट, सेटचं दार हे फुटांत लिहिलेलं हवं. गावच्या मंडळांना परवडेल असं भाडं करारात हवं. आधी नाट्यगृहाचा पडदा उघडेल, मग गाळ्यांची शटरं. हे कागदावर येत नाही तोवर भूमिपूजनाचा नारळ फोडू देऊ नका.