विश्लेषण : डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले की बॅटरीच बदलायची का?

अहिल्यानगर-मनमाड रस्त्यावर रात्री गाडी चालवताना खड्डा लागला की मीटरचे दिवे क्षणभर मंद होतात आणि पुन्हा उजळतात. काही वेळा साइड इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर सगळा डॅशबोर्ड लुकलुकू लागतो. गाडी गॅरेजला नेली की अनेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते : ‘बॅटरी गेलीय.’ नवी बॅटरी बसते, काही हजार रुपये जातात आणि थोड्या दिवसांनी दिवे पुन्हा लुकलुकतात. दोष बॅटरीत नव्हताच, हे कळेपर्यंत जुनी बॅटरी भंगारात गेलेली असते. मोजमाप न करता सुटे भाग बदलण्याची ही सवय ग्राहकांनी आता मोडायला हवी.

बॅटरीचे मुख्य काम सेल्फ मारताना इंजिन फिरवणे. इंजिन सुरू झाले की हेडलाइट, एसीचा पंखा, म्युझिक सिस्टीम असा सगळा भार अल्टरनेटर उचलतो आणि उरलेल्या विजेतून बॅटरी चार्ज करतो. त्यामुळे धावत्या गाडीत दिवे थरथरत असतील तर आधी संशय घ्यायचा तो अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि वायरींच्या जोडांवर.

दिवे कधी लुकलुकतात?

निम्मे निदान या एका प्रश्नात आहे. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर लुकलुकतात, म्हणजे कुठे तरी जोड सैल आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उजळतात आणि सोडला की मंदावतात, म्हणजे बेल्ट घसरतो आहे किंवा अल्टरनेटरचा रेग्युलेटर अथवा डायोड खराब झाला आहे. इंडिकेटर, वायपर किंवा काचेची मोटर चालू करताच सगळे दिवे मान टाकत असतील तर बहुधा अर्थिंग कमजोर आहे. सगळा डॅशबोर्ड ठीक आणि फक्त एबीएसचा दिवा ये-जा करतो, असे असेल तर तो दोष त्या यंत्रणेचा. तिथे बॅटरी बदलून काहीच साधत नाही. चालकाने या गोष्टी दोन दिवस नीट पाहून मेकॅनिकला सांगितल्या तर त्याचाही वेळ वाचतो.

त्यानंतर मल्टिमीटर. काही शे रुपयांत मिळणारे हे यंत्र प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतेच. ते बाहेर काढायला लावायचे, इतकेच. गाडी काही तास बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.५ ते १४.७ च्या दरम्यान जायला हवा. काही नव्या गाड्यांत संगणक इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. आकडा १२ च्या आसपासच अडकून हळूहळू उतरत असेल तर अल्टरनेटर वीज देत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो बॅटरीसकट इतर उपकरणेही खराब करू शकतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड पट्टी धूळ, पाणी आणि गंजाने खराब होते. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार निगेटिव्ह टोकाला व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावावी. आकडा साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड साफ करून घट्ट करावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर असेल तर इंजिन बंद करून, आधी निगेटिव्ह वायर काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा, कोरडा करावा आणि वर थोडे व्हॅसलिन लावावे. कित्येक गाड्यांचा आजार इथेच बरा होतो.

एक जुना उपाय मात्र कुणालाही करू देऊ नये. अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि आजच्या गाडीतला महागडा ईसीयू जळू शकतो.

वायरिंगची कापाकापी

देशात वाहनांची मान्यता-चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, याच शहरालगत आहे. एवढ्या चाचण्यांतून आलेल्या गाडीचे वायरिंग शोरूमबाहेर पडताच अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात चाकूने सोलले जाते, याला काय म्हणावे? एच-फोर हेडलाइटचा मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा. दोन्ही फुल लावले तर १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो. तिथे १०० वॅटचे बल्ब टाकले की तोच प्रवाह १६ अँपिअरच्या पुढे जातो, वायर व स्विच तापतात आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात ते वेगळेच. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधने घालते. वॉरंटीचा वादही इथूनच सुरू होतो.

ऊसपट्ट्यात आणखी एक गुन्हेगार असतो : उंदीर. शेताकडेला उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली शिरून तो वायरी कुरतडतो. दिवे अचानक लुकलुकू लागले तर बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेले प्लास्टिक आधी पाहावे.

धावत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा पेटून राहिला, तर चार्जिंग थांबले आहे असे समजावे. एसी आणि म्युझिक बंद करून जवळच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा धाब्यापर्यंत जावे. वाटेत इंजिन बंद करू नये, कारण ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. सोबत तापमानाचा काटा चढू लागला किंवा त्याचा दिवा लागला तर मात्र लगेच बाजूला थांबावे. बेल्ट तुटला असेल तर अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही बंद पडलेला असतो.

गॅरेजमध्ये बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलण्याआधी ‘बंद असताना किती, चालू असताना किती’ हे दोन आकडे विचारावेत आणि बिलावर लिहून घ्यावेत. जो मेकॅनिक मोजून दाखवतो, त्याला तपासणीची वेगळी मजुरी द्यायला ग्राहकानेही का-कू करू नये.