अंतिम सामना आणि जाहिरातींची दौलत

९ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०–२२ असे नमविले, तेव्हा खेळाइतकीच चर्चा दूरचित्रवाणीवरील जाहिरातींची झाली. कारण तेथे त्या वर्षी तीस सेकंदांसाठी सुमारे ८० लाख डॉलर मोजले गेले आणि प्रेक्षकही त्या जाहिराती स्वतंत्र कलाकृतींप्रमाणे पारखून घेतात. त्या सामन्याच्या तीन आठवडे आधी, १९ जानेवारीस, दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. त्या विजयी संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या खो-खो संघाच्या कर्णधार, २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी सारिका काळे याही याच जिल्ह्याच्या.

वारंवार अवर्षण सोसणाऱ्या मराठवाड्यातील ज्या मुलखाने, दोन खांब आणि मोकळे मैदान एवढ्याच सामग्रीवर, देशाला असे खेळाडू दिले, त्याच्या या खेळाडूंचे दर्शन जाहिरातींत क्वचितच घडावे, हे माझ्या मते आपल्या अभिरुचीचेच न्यून आहे. जाहिरातदार लोकांची नजर जेथे खिळते तेथेच दौलत ओततो. म्हणून कबड्डी-खो-खोचे सामने आवर्जून पाहण्याचा शिरस्ता आपण घरोघर पाडला पाहिजे. आणि मराठवाड्याच्या बाजारपेठांत बक्कळ नफा मिळविणाऱ्या मातबर कंपन्यांनी जाहिरातखर्चाचा रास्त हिस्सा या मुलींच्या मानधनाकडे, प्रशिक्षणाकडे आणि तालुक्यांतील मैदानांकडे वळवावा. तो या मुलींनी पराक्रमाने मिळविलेला हक्क आहे.