पाऊस लांबतो, दिवस नाही

परतीचा पाऊस रेंगाळला की पुण्याच्या बाजारात ज्वारीच्या भावाची चर्चा सुरू होते. वाफसा नाही, पेरणी रखडली, म्हणजे उत्पादन घटणार, हे गणित सगळ्यांना कळते. पण उशिराच्या पेरणीचा एक फटका दिवसाच्या लांबीशी जोडलेला आहे आणि त्याबद्दल क्वचितच बोलले जाते.

ज्वारी हे ऊस-भातासारखेच गवतकुळातले पीक. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा. आपल्याला किरकोळ वाटणारा हा फरक ज्वारीला पुरतो. तिचा फुलोरा लांबवणारे 'एमए १' हे जनुक शास्त्रज्ञांना १९४०च्या दशकापासून ठाऊक होते. ते नेमके काय करते, हे २०११ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी दाखवले. मोठ्या दिवसांत हे जनुक दोनदा जोमाने काम करते, सकाळी आणि संध्याकाळी. संध्याकाळची पाळी उजेड असेल तरच भरते. तेव्हा तयार होणारे प्रथिन फुलोऱ्याचा संदेश देणारी जनुके दाबून ठेवते आणि रोप नुसती पाने, कांडी वाढवत राहते. दिवस लहान झाला की ही पाळी अंधारात येते, जनुक गप्प बसते आणि ब्रेक सुटतो. जनुक तेच असते, बदलते ती त्याची अभिव्यक्ती.

मोहोळला १९३०च्या दशकात निवडलेली मालदांडी (एम ३५-१) आणि रब्बीचे इतर वाण दिवसाच्या लांबीला असेच संवेदनशील आहेत. म्हणून १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही पेरणीची शिफारस. नोव्हेंबरात पेरलेल्या रोपाला मोठा दिवस भेटतच नाही. थोडी पाने येताच ते फुलोऱ्याच्या तयारीला लागते. पुढे थंडीने वाढ मंदावते, त्यामुळे कणीस लवकर हाती येतेच असे नाही. ताटे मात्र बुटकी राहतात. दाणे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपत आलेली असते.

पुणेकराला ज्वारी म्हणजे भाकरी आणि फार तर थंडीतला हुरडा. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला ती कडबाही असते. त्यावर उन्हाळ्यात जनावरे जगतात, आणि ताटे बुटकी म्हणजे कडबा कमी.

हवामान बदलाच्या चर्चेत दिवसाची लांबी येत नाही, कारण ती बदलत नाही. अडचण नेमकी तीच आहे. पाऊस सरकला की पेरणी सरकते, सूर्याचे वेळापत्रक जागेवरच राहते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीनुसार वाण दिले आहेत: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. या निवडीला आता पेरणीच्या तारखेचीही जोड हवी, आणि नोव्हेंबरच्या पेरणीतही ताटे भरणारे वाण शोधण्यासाठी पैसा हवा. तोवर बरेच शेतकरी उशीर झाला की ज्वारी सोडून हरभरा पेरतात. हिशेबाने त्यांचे बरोबरच आहे, पण हरभऱ्याने गोठ्यातला कडबा भरून निघत नाही.