दुरुस्ती झाली, पण पोहोचली का? लिनक्स कर्नलचा उपेक्षित इतिहास

१/ सॉफ्टवेअरचा इतिहास बहुधा नव्या आवृत्त्यांच्या जन्मतारखांनी लिहिला जातो. जुन्या आवृत्त्या जिवंत ठेवणाऱ्यांची नोंद त्यात क्वचितच आढळते. ही उपेक्षा अन्यायकारक तर आहेच, शिवाय धोकादायकही आहे. #थ्रेड

२/ कर्नल म्हणजे यंत्रभाग आणि प्रोग्रॅम यांच्यामधला, प्रणालीचा गाभा. कारखान्यात किंवा फोनमध्ये एकदा बसलेला कर्नल सहसा वर्षानुवर्षे बदलत नाही. म्हणून नवी सुरक्षा-दुरुस्ती किंवा नव्या उपकरणाचा ड्रायव्हर जुन्या कर्नलच्या मापाने बेतून त्यात बसवावा लागतो. हेच बॅकपोर्टिंग.

३/ मूळ पोथीतील चूक सुधारली, म्हणून गावोगावी गेलेल्या नकला आपोआप शुद्ध होत नाहीत. कर्नलचेही तसेच.

४/ २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी मेमरी हाताळणीतील एक दोष दुरुस्त करून पाहिला. आयबीएमच्या एस/३९० यंत्रांवर अडचणी आल्याने ती दुरुस्ती मागे घेतली गेली. अकरा वर्षांनी तोच दोष 'डर्टी काऊ' या नावाने गाजला. त्याच्या आधारे साध्या वापरकर्त्याला यंत्राचे सर्वाधिकार मिळवता येत. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी दुरुस्ती आली आणि ४.८.३, ४.७.९ व ४.४.२६ या आवृत्त्यांतून ती मागेही नेण्यात आली.

५/ विली तारो यांनी सांभाळलेल्या २.६.३२ ची देखभाल मात्र त्याच वर्षाच्या आरंभी संपली होती. त्याच कर्नलवर उभ्या असलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ साठी ही दुरुस्ती रेड हॅटला स्वतःच बेतावी लागली. क्रमांक २००९ चा, पोटातील दुरुस्ती २०१६ ची! केवळ आवृत्तीच्या क्रमांकावरून काळ ठरवणारा अभ्यासक इथे हमखास फसेल.

६/ ही साखळी तुटली की काय होते? अँड्रॉइडच्या 'बाइंडर' या भागातील एक दोष फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्नलमध्ये दुरुस्त झाला. पिक्सेल २ सारख्या फोनांपर्यंत ती दुरुस्ती पोहोचलीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलच्याच प्रोजेक्ट झिरोने हा दोष जाहीर केला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याची चिन्हे होती. औषध तयार होते. रोग्यापर्यंत ते नेले गेले नव्हते.

७/ 'मग नवी आवृत्तीच घ्या' हा आक्षेप निराधार नाही. जुन्या रचनेत नवे ठिगळ लावताना नवा दोष शिरू शकतो, आणि हे काम करणारी माणसे मोजकी आहेत. २०२३ मध्ये दीर्घकालीन आवृत्त्यांची देखभाल सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचे जाहीर झाले, तेही याच ओझ्यापायी. पण वीजकेंद्रातील यंत्रणा दर दोन वर्षांनी बदलता येत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये सुरू झालेल्या सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्मने ४.४ हा कर्नल किमान दहा वर्षे सांभाळण्याचे ठरवले.

८/ दुरुस्तीची खरी तारीख ती लिहिली गेली ती नव्हे. वापरात असलेल्या शेवटच्या यंत्रापर्यंत ती पोहोचली, ती. इतिहास त्या तारखेने लिहिला, तर जीर्णोद्धार करणाऱ्यांची नावे तळटीपेतून मुख्य मजकुरात येतील.