शोकाआधी हिशेब

घरातला मासा मेला, असे सांगितले की मराठीच्या प्राध्यापकांकडून दोनच प्रतिक्रिया येतात, असा माझा अनुभव आहे. पहिली : 'मासाच तो, दुसरा आणा.' दुसरी : 'शेवटी सगळे क्षणभंगुर.' पहिली स्टाफरूममध्ये ऐकू येते, दुसरी वर्गात. पहिलीत त्या जीवाला काहीच किंमत नाही, दुसरीत त्याला एकदम तत्त्वज्ञानाची किंमत येते. पण काम दोन्ही एकच करतात. मासा कशाने मेला, हा साधा प्रश्न त्या विचारू देत नाहीत. प्रस्तुत लेख दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित प्रतिक्रियेविरुद्ध आहे. ती आपल्या व्यवसायाची आहे, आणि मी स्वतः तिचा आधार घेऊन एकदा खोटे बोललो आहे.

आधी थोडी माहिती. जळगावच्या माझ्या घरी काचेच्या दोन टाक्यांत मी किलीफिश पाळतो. या नावाने बहुतेकांना इंग्रजीतले मारणे आठवते. वस्तुतः 'किल' हा डच शब्द असून त्याचा अर्थ ओढा असा आहे. म्हणजे हा ओढ्यातला मासा. आपल्या पश्चिम घाटातल्या झऱ्या-ओढ्यांतही या कुळातला एक पट्टेरी मासा आहे. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पाण्याच्या पृष्ठभागाशी स्थिर राहून तो किडे आणि डासांच्या अळ्या टिपतो. माझ्या एका टाकीत हे पट्टेरी मासे होते, दुसरीत झांझिबारचे नोथोब्रँकियस ग्युंथेरी. या आफ्रिकी माशाचे जगणे विलक्षण आहे. पावसाने भरणाऱ्या डबक्यात तो जन्मतो, काही आठवड्यांत वयात येतो, चिखलात अंडी घालतो आणि डबके आटले की मरतो. अंडी मात्र कोरड्या पडलेल्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहत तग धरतात. पाळणारे लोक ती ओलसर नारळाच्या भुशात ठेवून कुरिअरने एकमेकांना पाठवतात. टाकीत, डबके आटण्याचे भय नसताना, हा मासा साधारण वर्षभर जगतो. त्याच्याच जातकुळीतला नोथोब्रँकियस फुर्झेरी तर चार-सहा महिन्यांतच म्हातारा होतो. म्हणूनच वार्धक्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ त्याला प्रयोगशाळेत वाढवतात.

अशा माशावर 'क्षणभंगुरता' हा शब्द किती सहज चिकटतो, हे वेगळे सांगायला नको. मीही तो चिकटवला.

मे महिन्यात उत्तरपत्रिकांच्या कामासाठी दोन दिवस धुळ्याला गेलो होतो. जाताना, मासे उपाशी राहू नयेत म्हणून नेहमीपेक्षा बरेच जास्त खाद्य टाकले. दुसऱ्या रात्री जळगावात बराच वेळ वीज नव्हती. परतलो तेव्हा दोन्ही टाक्यांत मिळून ७ मासे मेलेले होते आणि पाण्याला वास येत होता. घाबरून मी जवळजवळ सगळे पाणी काढून टाकले आणि त्याच सकाळी नळाला आलेले ताजे पाणी थेट ओतले. दुसऱ्या दिवशी आणखी ४ मासे गेले. त्या रात्री डायरीत मी जे लिहिले त्यात 'नियती' हा शब्द दोनदा आला. पुढे वर्गात बोलता बोलता मी हा प्रसंग सांगितला, एका विद्यार्थ्याने त्यावर कविता लिहिली, ती भित्तिपत्रकावर लागली, आणि काचेपलीकडच्या अनंताविषयीच्या तिच्या ओळींना मी मनापासून दाद दिली.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने तेव्हा विचारले, "सर, वीज गेल्यावर किती मेले आणि तुम्ही परत आल्यावर किती?"

मी म्हणालो, असा प्रश्न कवितेला विचारायचा नसतो. वीस वर्षांच्या अध्यापनात याहून लाजिरवाणे वाक्य मी उच्चारले नसेल. कारण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते.

ते उत्तर असे. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पंख्याविना बंद घरात टाकीचे पाणी कुठवर तापले असेल, ते सांगायला नको. न खाल्लेले अन्न कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते आणि अमोनिया सोडते. अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात असतात. वीज जाऊन पंप थांबला की त्यांचाही श्वास कोंडतो. शिवाय पाणी जितके गरम, तितके अमोनियाचे विष जास्त. पहिले ७ मासे असे मेले. नंतरचे ४ मात्र विजेने मारले नाहीत. माणसांचे पाणी निर्धोक व्हावे म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात. तो माशांचे कल्ले जाळतो. ते पाणी एक दिवस उघडे ठेवले असते किंवा त्यात क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे चार थेंब टाकले असते, तर ते चौघे कदाचित वाचले असते. डायरीतली नियती म्हणजे माझ्या हातातली बादली होती.

आता साहित्याकडे येतो, कारण हा प्रश्न माशांपुरता नाही.

क्रौंचवधाचा प्रसंग आपण दरवर्षी साहित्यशास्त्राच्या तासाला सांगतो. शोकाचा श्लोक झाला, हे आनंदवर्धनाचे प्रतिपादन सांगून आपण करुणरसाकडे वळतो. पण तो श्लोक कोणाला उद्देशून आहे? मेलेल्या क्रौंचाला नाही, नियतीला नाही, जीवनाच्या अनित्यतेला तर नाहीच. तो निषादाला उद्देशून आहे. बाण कोणी मारला, हे वाल्मीकीने आधी पाहिले. आपल्या परंपरेतला आदिश्लोक हा आरोप आहे. आपण मात्र आरोप गाळून शोक तेवढा शिकवतो. आणि मासे पाळणाऱ्याच्या घरात निषाद बहुधा घरातच असतो.

अगदी आपल्या परिसरातले उदाहरण घ्या. धरणगावचे बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी. त्यांच्या उदास कवितांत त्या मृत्यूची चाहूल शोधण्यात आपण किती तास घालवले! त्या दिवशी रुळांवर नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र आपल्याला काव्यबाह्य वाटतो. अपघात कवितेच्या आधीन केला की तो सुंदर होतो, आणि सुंदर झाला की त्याची चौकशी थांबते.

याउलट बहिणाबाईंची सुगरण पाहा. आसोद्याच्या या बाईने त्या पाखराला अगोदर पाखरू म्हणून पाहिले : ते घरटे कसे विणते, कशाला टांगते, त्याच्यापाशी हत्यार म्हणून काय आहे. माणसासाठीचा बोध नंतर आला, आणि पाहण्याची किंमत मोजून आला. २०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्यांची पाहण्याची रीत मात्र आपल्या वर्गांत अद्याप आलेली नाही. आपण विद्यार्थ्याला पाखरू न दाखवताच प्रतीक शोधायला बसवतो.

यावर आक्षेप येईल, तो मी टाळत नाही. शोक म्हणजे पंचनामा नव्हे. ज्याचे गेले त्याला रडू द्यावे, कारणे विचारून छळू नये. आक्षेप रास्त आहे, पण तो दुसऱ्याच्या शोकाला लागू पडतो. दुःखी माणसाच्या दारात जाऊन क्लोरीनची चौकशी करावी, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते स्वतःच्या शोकाविषयी, आणि विशेषतः तो लिहून काढणाऱ्यांविषयी. शिवाय हिशेबाने शोक कमी होत नाही. मला ११ माशांचे जे दुःख झाले होते ते पसरट आणि काहीसे सुखद होते. त्या चौघांचे जे आता होते ते सुखद नाही, पण ते त्यांचे आहे.

आणि हिशेब ठेवला तरच दुसऱ्या प्रकारचे मरण ओळखू येते. टाकीवर झाकण नसल्याने उडी मारून फरशीवर वाळलेला मासा आणि वर्ष भरत आल्यावर पाठ वाकून, रंग उतरून, तळाशी शांत झालेला मासा, यांना एकाच 'क्षणभंगुर' शब्दात बसवणे हा दुसऱ्यावर अन्याय आहे. ग्युंथेरीसाठी वर्ष म्हणजे क्षण नव्हे. ते त्याचे पुरते आयुष्य आहे. अल्प ठरते ते आपल्या मापाने. त्याचे आयुष्य खरोखर अल्प केले असेल तर ते आपण.

डायरी मी बंद केली. टाकीशेजारी आता एक साधी वही असते : तारीख, पाण्याचे तापमान, किती पाणी बदलले, कोण गेले, कशाने. त्या मुलीला मी पुढच्या तासाला सर्वांसमोर उत्तर दिले : आधी ७, मग ४, आणि ते ४ माझ्यामुळे. वर्ग काही वेळ गप्प होता. नंतर कविता लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने भित्तिपत्रकावरची कविता स्वतःहून उतरवून नेली. मी ती उतरवायला सांगितली नव्हती. महिन्याभराने त्याने ती पुन्हा लिहून आणली. तिच्यात अनंत नव्हता, बादली होती. कविता अजून कच्ची आहे. पण शिकवण्याजोगी आहे.

गेल्या आठवड्यात शेवटचा ग्युंथेरी नर गेला. वहीत नोंद आहे : 'वय ११ महिने. पाणी २५ अंश. कारण वय.' ती लिहून झाल्यावर मी बराच वेळ टाकीसमोर बसून राहिलो. त्याची अंडी ओलसर भुशात, डब्यात आहेत. डब्यावर तारीख घातली आहे.